आमच्या ह्यांना पाळण्याचं वेड लागलंय

प्रश्न : ताई, तुमच्या सदरात लोक सासूबद्दल विचारतात, मुलांच्या अभ्यासाबद्दल विचारतात. माझी तक्रार नवऱ्याबद्दल आहे. लिहिताना मलाच हसू येतंय, पण घरात आता हसण्यासारखं फारसं उरलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चौघं टूरबरोबर सिंगापूरला गेलो होतो. मुलांच्या हट्टापायी एक दिवस तिथलं युनिव्हर्सल स्टुडिओज हे मोठं पार्क केलं. मुलगा एकटा बसायला घाबरत होता म्हणून हे त्याच्यासोबत त्या लाल-निळ्या रुळांच्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये, म्हणजे रुळांवरून उंच चढून धाडकन खाली येणाऱ्या गाडीत, बसले. मुलं पंधरा दिवसांत सगळं विसरली, हे मात्र विसरायला तयार नाहीत.

यांचं वय ४८, नोकरी बँकेत. आजवर ना क्रिकेटचा नाद, ना गाण्याचा. आता एक जाड वही केली आहे. तिच्यात जगभरातल्या कोस्टरची नावं, उंची, वेग आणि कुणी बांधलं ते सगळं लिहिलेलं असतं. जेवताना लोणच्याची बरणी मध्ये ठेवून तिच्यावरून चमचा घसरवत समजावून सांगतात. नवरात्रात कालिकेची ओटी भरून मी बाहेर आले, तर हे पाळणेवाल्याशी बेअरिंगच्या ग्रीसबद्दल गप्पा मारत उभे! मी प्रसादाचा नारळ हातात धरून अर्धा तास ताटकळत होते. आता म्हणतात, लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला खोपोलीच्या पार्कमध्ये जाऊ, तेही मंगळवारी रजा टाकून. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढ. मुलगी यंदा बारावीला आहे. हे वेड उतरेल का? आणि खर्चाला आळा कसा घालू?
— एक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : उतरणार नाही. मीठ-मोहऱ्या वाया घालवू नका. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण हाच रोग मला तीस वर्षांपासून आहे.

१९९४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, बोरिवलीला नणंदेकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सगळी वरात खाडी ओलांडून एस्सेलवर्ल्ड या पाळण्यांच्या पार्कला. १९८९मध्ये ते सुरू झालं होतं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीने राज्यातल्या समस्त पोरांना पिसाळवलं होतं. आमची दोन, नणंदेची दोन. मोठ्यांनी पर्सा, पाण्याच्या बाटल्या आणि दशम्यांचे डबे सांभाळायचे, असं वाटप आपोआप झालं. मुलं झिपर डिपर या कोस्टरच्या रांगेत शिरली आणि मी कठड्याला टेकून उभी राहिले. मी तेव्हा नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होते. दिवसभर काम एकच : कुठल्या मशीनवर किती वेळात किती नग निघतात आणि माल कुठे तुंबतो. सवयीने माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. एका गाडीत किती बसले, दांडी बंद करायला किती वेळ गेला, गाडी परत कधी आली, उतरणारे कुठून गेले, चढणारे कुठून आले. मुलं खाली उतरली तेव्हा मला त्यांच्यापेक्षा जास्त उत्साह आला होता. यजमानांना वाटलं, उन्हाने झालं असेल.

ते ऊन काही उतरलं नाही. २०२२मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा मुलाने पुण्याहून फोन केला. आवाज असा काढला की आधी मी विचारलं, घरात सगळे बरे आहेत ना?

तर तुमच्या यजमानांना झालंय ते जगावेगळं नाही. उलट या सगळ्या धंद्याचा उगमच असल्या बापात आहे. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचे. मुली घोड्यांच्या चक्रीत आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खात. ते स्वतःच सांगत की तिथे बसूनच त्यांच्या डोक्यात आलं, आई-बाप आणि पोरं मिळून मजा करतील अशी एखादी जागा का असू नये? १७ जुलै १९५५ला ॲनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं ते त्यातून. उघडलं तेही कसं, तर बांधकामाच्या काळात नळवाल्यांचा संप झालेला, त्यामुळे संडास सुरू करायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ, यातलं एक निवडावं लागलं. संडास निवडले. रस्त्याचं डांबर इतकं ताजं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. कार्य नीट पार पडलं नाही म्हणून कुणी मंडप मोडला नाही, हे तुमच्या ह्यांना सांगा, त्यांना आवडेल.

तुम्हाला मात्र मी त्याच माणसाची दुसरी हकीकत सांगणार आहे, कारण तिच्यात तुमचा उपाय आहे. डिस्नेलँडच्या आधी, १९५०च्या सुमारास, वॉल्टसाहेबांनी घराच्या आवारात स्वतः बसता येईल एवढी छोटी आगगाडी केली. खरी वाफेवर चालणारी, मूळ आकाराच्या आठव्या हिश्शाची, आणि रूळ जवळजवळ आठशे मीटर. आता एवढे रूळ न्यायचे कुठून? बायकोच्या फुलझाडांमधून. लिलियनबाईंनी काय केलं असेल? आरडाओरडा नाही, अबोला नाही. रीतसर करार झाला! वॉल्टला आवारातून गाडी नेण्याचा हक्क दिला जात आहे, असा कागद तयार झाला आणि त्यावर बायकोची आणि मुलींची सही. शिवाय फुलांच्या वाफ्याला धक्का लागू नये म्हणून वॉल्टने त्याच्याखालून तब्बल २७ मीटरचा बोगदा खणला. इंजिनाला नाव दिलं लिली बेल, बायकोच्या नावावरून.

तुम्ही करार करा. थट्टा करत नाही, साध्या कागदावर लिहून काढा. वर्षाला घरखर्चातून या छंदाला किती, ते ठरवा. मुलीची परीक्षा होईपर्यंत रात्री जेवणानंतर मोबाइलवर कोस्टरचे व्हिडिओ नाहीत, हेही लिहा. लोणच्याची बरणी जेवण झाल्यावर मिळेल. देवळात गेल्यावर तुमची ओटी भरून झाली की पाळणेवाल्याशी बोलायला दहा मिनिटं, त्यापुढे नारळ त्यांच्या हातात. आणि बदल्यात तुम्ही काय द्याल, तेही लिहा, नाहीतर तो करार नव्हे, नोटीस झाली. माझ्या मते त्यांना वर्षातून एकदा एकट्याने जाऊ द्यावं. अख्ख्या कुटुंबाने दर वेळी फरफटत जायची काही गरज नाही. चौघांच्या तिकिटाऐवजी एकाचं लागतं आणि बापाला पोरांच्या आइस्क्रीमसाठी मध्येच थांबावं लागत नाही.

आता त्यांच्या वेडाची जात ओळखा, म्हणजे खर्चाचा अंदाज येईल. काहींना नुसती पोटात गोळा येण्याची चटक असते. काही मोजणारे असतात : आज अमुक कोस्टर झालं, एकूण इतकी झाली. अमेरिकेत १९७८पासून अशा शौकिनांची अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स नावाची संघटना आहे. ही मोजणाऱ्यांची जात सगळ्यात महाग, कारण आकडा वाढवायला विमान लागतं. तुमच्या ह्यांनी वही केली आहे, त्यामुळे मला आधी तीच भीती वाटली. पण पुढे तुम्ही ग्रीसचं लिहिलंत आणि माझा जीव भांड्यात पडला. ग्रीसबद्दल विचारणारा माणूस यंत्राचा शौकीन असतो, आणि यंत्राच्या शौकिनाला नाशिक जिल्ह्यात काही कमी नाही.

नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर कालिकेच्या यात्रेत आकाशपाळणे, ड्रॅगन, ब्रेक डान्स अशा सगळ्या राइड लागतात. दिवेलागणीनंतर सगळे जातात. त्यांना दुपारी पाठवा, पाळणेवाले पाना-स्क्रू घेऊन काम करत असतात तेव्हा. अख्खा पाळणा सुट्या भागांतून उभा राहतो आणि यात्रा संपली की ट्रकवर चढून पुढच्या गावाला जातो. ही उभारणी पाहण्यासारखी असते आणि तिला तिकीट नाही. पूर्वी पाळणे लाकडी असत आणि पोरं वर चढून, आऱ्यांना लोंबकळून ते आपल्या वजनाने फिरवत, हे तुमच्या सासूबाईंनी पाहिलेलं असणार. त्यांना विचारा. दृष्ट काढायचा विषय बाजूला पडेल आणि मुलाला आईशी बोलायला एक विषय मिळेल. त्याच ओघात ह्यांना सांगू द्या, की १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने जे चाक उभं केलं ते २६४ फूट उंच होतं, त्याला ३६ डबे आणि एका डब्यात ६० माणसं, म्हणजे एका वेळी २,१६०. एवढी आपल्या एखाद्या वाडीची वस्ती असते.

वणीला सप्तशृंगी गडावर २०१८पासून ट्रॉली सुरू झाली आहे, तिथेही न्या. दोन डबे एकमेकांशी दोराने बांधलेले, एक वर निघाला की दुसरा खाली निघतो आणि उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला मदत करतं, हे त्याचं तत्त्व. देवीचं दर्शन तुम्हाला, दोर त्यांना.

राहता राहिला मंगळवार. त्यात ते शंभर टक्के बरोबर आहेत, इथे मी त्यांच्या पक्षात. हिशेब करून दाखवते. समजा एका गाडीत २४ जण बसतात आणि दर दीड मिनिटाला गाडी सुटते. तासाला ९६० माणसं झाली. तुमच्यापुढे ४८० असतील तर अर्धा तास उभं राहायचं. तेच बसणाऱ्यांनी सेल्फी काढत, पर्स कुठे ठेवू विचारत वेळ घालवला आणि गाडी तीन मिनिटांवर गेली, की अर्ध्याचा तास झाला. रविवारी गर्दी दुप्पट आणि नवखेही दुप्पट, त्यामुळे मार दोन्हीकडून बसतो. राइड निम्म्याहूनही कमी. बँकेतल्या माणसाला हे कळतं, तुम्हाला पटलं नसलं तरी.

रांगेचं हे गणित मला इतकं का महत्त्वाचं वाटतं, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही पार्कमध्ये गेले की आधी पाहते, रांग वळवलीय कशी, मध्ये सुटायला वाट ठेवलीय का, पुढे किती वेळ लागेल हे मागच्याला कळतंय का. चांगल्या पार्कमध्ये माणूस तासभर उभा राहतो आणि धक्का देत नाही, कारण रांग सतत थोडी थोडी सरकत असते आणि वाटेत पाहायला काहीतरी ठेवलेलं असतं. सिंहस्थ पुन्हा येतोय. आमच्यासारख्या वेड्यांना कुणी विचारत नाही, पण विचारलं तर आम्ही फुकट सांगू.

खोपोलीला जरूर जा. कसारा उतरून, भिवंडी-शिळफाटा-पनवेल करत जायचं तर पहाटे निघा. शक्यतो आदल्या रात्री पनवेलकडे मुक्काम करा, म्हणजे दारं उघडायच्या वेळी तुम्ही दारात असाल. पहिल्या तासात मोठ्या राइड उरकायच्या. संध्याकाळी तुम्ही म्हणाल तिथे जेवायचं, हे करारात घालायला विसरू नका.

प्रश्न : ताई, मी सिन्नरचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणाले, रोलर कोस्टरला इंजिनच नसतं. मग एवढा वेग येतो कुठून? आणि तो गोल फेरा पूर्ण गोल का नसतो, थेंबासारखा का दिसतो?
— एक विद्यार्थी

उत्तर : सरांचं बरोबर आहे, बहुतेक कोस्टरच्या बाबतीत. साखळी गाडीला वर ओढते आणि सोडून देते. पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं. चुंबकाच्या जोराने ढकलून सोडणारी कोस्टरही असतात, पण तिथेही जोर रुळावर असतो, गाडीत नाही.

खोपोलीच्या इमॅजिका पार्कमधलं नायट्रो हे कोस्टर घ्या. ते स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबियार्ड कंपनीने बांधलंय, साधारण ४० मीटर उंच आहे आणि पाच वेळा उलटं करतं. निघण्याआधी पायाखालची फरशी सरकते, पाय अधांतरी. आता वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, साधारण ९.८) गुणिले उंची, यात उंची ४० घाल. सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. वजन सूत्रात कुठेच नाही, तेव्हा ५० किलोचा विद्यार्थी आणि ९० किलोचे सर एकाच वेगाने खाली येतात. प्रत्यक्षात घर्षण आणि वारा थोडं खातात, म्हणून पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा बुटकी असते.

फेऱ्याचं म्हणशील तर १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचं कोस्टर पूर्ण गोल फेऱ्याचं होतं. लोकांच्या माना अवघडल्या. कारण खाली वेग सर्वात जास्त असतो आणि तिथेच त्रिज्या लहान ठेवली, की माणूस खुर्चीत चेपला जातो. वर वेग कमी असतो, तिथे त्रिज्या मोठी ठेवली तर खुर्चीत दाबून धरायला जोर पुरत नाही. म्हणून खाली त्रिज्या मोठी आणि वर लहान, असा तो थेंब. १९७६ साली कॅलिफोर्नियात मॅजिक माउंटन पार्कमध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने हा आकार बसवला आणि उभा फेरा खऱ्या अर्थाने चालू झाला.

पुढच्या वेळी गाडी थांबलेली असताना चाकं बघ. वर, बाजूला आणि रुळाच्या खाली, अशी तीन जातींची असतात. खालची चाकं जॉन मिलरच्या १९१९च्या पेटंटमधली. त्यांच्यामुळे गाडी रूळ सोडू शकत नाही आणि म्हणूनच टेकडीच्या टोकावर आपण खुर्चीतून उचलले जातो तरी गाडी जागेवर राहते. आणि चढावर जो कट कट कट आवाज येतो तो साखळीचा नसून मागे घसरू न देणाऱ्या खुट्टीचा असतो. साखळी तुटली तरी गाडी तिथेच अडकावी म्हणून. मला जगातल्या कुठल्याही तंतुवाद्यापेक्षा तो आवाज आवडतो.

प्रश्न : वय ६९. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. नातवंडं म्हणतात, आजोबा, तुम्हीपण चला मोठ्या पाळण्यात. मन तयार आहे. बसू का?
— एक आजोबा, जेलरोड

उत्तर : नाही. मोठ्या राइडच्या दारात फळा लावलेला असतो : हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण. तो फळा मालकाच्या सोयीसाठी नसतो. तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते विचाराच, पण त्यांनी हो म्हटलं तरी मी तुम्हाला आगगाडीत, होडीत आणि शांत चक्रीत बसवीन. तिथून नातवंडांचे फोटोही चांगले येतात.

याच पत्राच्या निमित्ताने सगळ्यांना सांगते. ओढणी, पदर, सुटे केस. मोठ्या कोस्टरपेक्षा मला गो-कार्टची धास्ती जास्त वाटते, कारण तिथे मागच्या चाकांना जोडलेला फिरता दांडा असतो आणि वाऱ्यावर ओढणी त्याच्याकडेच जाते. केस बांधून आत खोचा, ओढणी घरच्यांकडे द्या. आणि जत्रेतल्या पाळण्यात बसताना दांडीला पिन लावली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नसेल तर उतरा. पाळणेवाला कुरकुर करेल, करू दे.

प्रश्न : कोस्टरमध्ये पुढे बसावं की मागे? आमच्या मैत्रिणींमध्ये यावरून पैज लागली आहे.
— कॉलेज रोडची एक वाचक

उत्तर : पैज कुणीच जिंकत नाही. पुढे बसलं की समोर कुणी नसतं, सगळं दिसतं, वारा तोंडावर येतो. पण पहिल्या टेकडीवर पुढचा डबा टोकापलीकडे जाऊन रेंगाळतो, कारण मागची गाडी अजून चढत असते. शेवटचा डबा टोकाशी पोहोचेपर्यंत पुढची सगळी गाडी खाली धावू लागलेली असते, म्हणून मागच्यांना तिथून हिसका बसतो आणि खुर्चीतून उचलल्यासारखं होतं. शौकीन त्याच एका क्षणासाठी मागची रांग धरतात.

मी मागे बसते. आमचे यजमान हट्टाने सर्वांत पुढची जागा पकडतात, त्यासाठी वेगळ्या रांगेत वीस मिनिटं जास्त उभे राहतात आणि गाडी सुटली की शेवटपर्यंत डोळे घट्ट मिटून घेतात.